संकटाचा पंचनामा कोण लिहितो?

आपल्या वस्तीतला मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की पुढे काय, या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असतात. एमपीएससीचा क्लास, बी.एड., एलएल.बी., एम.एस.डब्ल्यू., नाहीतर कॉम्प्युटर. ही उत्तरे चुकीची नाहीत. याच वाटांनी आपली एक पिढी कचेरीत, शाळेत आणि कोर्टात पोहोचली. परंतु महापूर, भूकंप, दुष्काळ, युद्ध, साथीचा रोग यांत कोणाला, किती आणि कोणत्या नियमाने मदत द्यायची हे ज्या टेबलावर ठरते, त्या टेबलाकडे जाणारी वाट आपण अजून नीट पाहिलेलीच नाही. ‘आंतरराष्ट्रीय संघटना आणि संकट व्यवस्थापन’ या विषयातील पदव्युत्तर शिक्षण ही ती वाट होय. नाव जड आहे, विषय मात्र आपल्या घरातला आहे. पूर आला की आधी नाल्याकाठची वस्ती बुडते आणि मदत निघाली की ती सर्वात शेवटी त्याच वस्तीत पोहोचते, हे आपल्याला कोणत्याही विद्यापीठाने शिकवायची गरज नाही. हे असे का होते आणि ते कोणत्या कागदावर थांबवता येते, हे मात्र शिकावे लागते.

या शिक्षणाची नावे ठिकठिकाणी वेगळी आहेत. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात संकट आणि सुरक्षा व्यवस्थापनाची पदवी आहे. डेन्मार्कच्या कोपनहेगन विद्यापीठात आपत्ती व्यवस्थापनाची आहे. युरोपातील अनेक विद्यापीठे मिळून ‘नोहा’ नावाचा मानवतावादी मदतकार्याचा अभ्यासक्रम चालवतात. आपल्या मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचे स्वतंत्र स्कूल आहे. नावे काहीही असोत, आतला माल साधारण सारखाच असतो. अर्धा भाग संघटनांचा. संयुक्त राष्ट्रसंघाची सनद, सुरक्षा परिषद, आर्थिक व सामाजिक परिषद, मानवी हक्कांचे करार आणि त्यांच्या समित्या, जागतिक बँक, जागतिक आरोग्य संघटना, रेडक्रॉस. उरलेला अर्धा भाग संकटाचा. मदतकार्याचा समन्वय कोण करतो, पैसा कोठून येतो, छावणी कशी उभी करायची, नुकसान कसे मोजायचे, पुनर्वसन कोणत्या निकषावर करायचे.

यातला ‘निकष’ हा शब्द आपल्या लोकांनी नीट लक्षात ठेवावा. कारण संकट निसर्ग आणतो, पण त्या संकटात ‘आपद्ग्रस्त’ कोण हे निकष ठरवतो.

किल्लारीचे उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली मेली. भूकंपाने जात पाहिली नाही, असे तेव्हा सगळेच म्हणत होते आणि ते खरेही होते. पुढे जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने राज्य शासनाचा मोठा पुनर्वसन कार्यक्रम आला. बावन्न गावे नव्या जागी वसवायची ठरली. घर कोणाला किती मोठे द्यायचे, याचे तीन गट केले गेले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट आणि सात हेक्टरच्या वर जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फूट. म्हणजे घरात माणसे किती, मेले किती, उरले किती, याच्याऐवजी सातबाऱ्यावर हेक्टर किती यावरून घराचा आकार ठरला. कागदावर कोठेही ‘जात’ हा शब्द नाही. परंतु मराठवाड्यात भूमिहीन कोण आणि सात हेक्टरचा धनी कोण, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. भूकंपाने जे भेद एका क्षणात जमीनदोस्त केले होते, ते शासनाच्या तक्त्याने सिमेंट-काँक्रीटमध्ये पुन्हा उभे केले. तो तक्ता जेथे बनला त्या बैठकीत आपली बाजू मांडणारा, बँकेच्या अटी वाचू शकणारा, ‘घराचा निकष माणूस असला पाहिजे, जमीन नव्हे’ हे त्यांच्याच भाषेत लिहून देणारा माणूस असता तर? असा माणूस तयार करणे हेच या शिक्षणाचे काम आहे.

दुसरे उदाहरण तामिळनाडूचे. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर आदळली. मच्छीमार समाजाची हानी भयंकर होती, त्यांना मदत मिळालीच पाहिजे होती. पण नुकसानीचा पंचनामा होडी आणि जाळे यावरून झाला. जे दलित दुसऱ्याच्या होडीवर मजुरी करत होते, खाडीत मासळी वेचत होते, किनाऱ्यालगतच्या शेतात राबत होते, त्यांच्याकडे दाखवायला होडीही नव्हती आणि जाळेही नव्हते. त्यांची मजुरी बुडाली, पण मजुरी बुडाल्याचा रकाना अर्जात नव्हता. काही ठिकाणी दलित कुटुंबांना निवारा छावणीत इतरांबरोबर राहू दिले गेले नाही, हे त्या काळात मानवी हक्क संघटनांनी नोंदवून ठेवले आहे. आणि कुजलेली प्रेते उचलायची वेळ आली तेव्हा मात्र निरनिराळ्या नगरपालिकांचे सफाई कामगार आणले गेले. छावणीत जागा नसलेल्या जातीला प्रेतांच्या ढिगाऱ्याजवळ जागा होती!

या घटनेनंतर वर्षभरात, डिसेंबर २००५ मध्ये, आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्याच्या कलम ६१ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, आपद्ग्रस्तांना भरपाई व मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. कलम चांगले आहे. पण वकिलीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो पुराव्याचा. भेदभाव झाला हे सिद्ध कशाने करणार? मदतीच्या यादीत जातवार नोंदच नसेल, तर कोणत्या वस्तीला कितव्या दिवशी पाणी मिळाले, कोणत्या घराचा पंचनामा झालाच नाही, हे न्यायालयापुढे कोणत्या कागदाने मांडणार?

ही उणीव आपल्या देशापुरती नाही. २०१५ साली जपानमधील सेंदाई येथे जगातील राष्ट्रांनी २०३० पर्यंतचा आपत्ती जोखीम कमी करण्याचा आराखडा स्वीकारला. त्यात आपत्तीची आकडेवारी स्त्री-पुरुष, वय आणि अपंगत्व यांनुसार वेगळी करून ठेवावी, असे म्हटले आहे. महिला संघटनांनी आणि अपंगांच्या संघटनांनी त्या बैठकांत जाऊन ते शब्द घालून घेतले, त्याबद्दल त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. जात किंवा जन्माधारित भेदभाव मात्र त्या यादीत नाही. मदतछावणीसाठी ‘स्फिअर’ नावाची आंतरराष्ट्रीय मानके आहेत. माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर पाणी, वीस माणसांमागे किमान एक शौचालय, माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर. मदत भेदभावाविना सर्वांना मिळावी हे तत्त्वही त्यात आहे. पण पंधरा लिटर पाणी टाकीत आहे आणि त्या टाकीजवळ जायची हिंमत एका वस्तीला नाही, ही परिस्थिती मोजायची कशी, हे चवदार तळ्याच्या वारसांशिवाय दुसरे कोण सांगणार?

आंतरराष्ट्रीय संघटनांच्या दारात आपला प्रश्न कसा अडवला जातो, हेही समजून घेण्यासारखे आहे. वांशिक भेदभाव निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ चा. त्याच्या पहिल्याच कलमात वंश, वर्ण यांच्याबरोबर ‘जन्मकुळ’ या अर्थाचा शब्द आहे. हा शब्द मसुद्यात घालण्याची सूचना दुसऱ्या कोणी नाही, भारतानेच केली होती. पुढे त्याच शब्दाच्या आधारे जातीचा प्रश्न उपस्थित होऊ लागला, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भूमिका आपल्या सरकारने घेतली. २००१ च्या दरबान परिषदेत देशोदेशीचे दलित कार्यकर्ते पोहोचले, घोषणा झाल्या, उपोषणे झाली, जगाच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. अंतिम जाहीरनाम्यात मात्र जात आली नाही. परंतु पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००२ मध्ये, याच कराराच्या समितीने आपली एकोणतिसावी सर्वसाधारण शिफारस काढली आणि जातीवर आधारित भेदभाव हा ‘जन्मकुळ’ या शब्दात येतो, असे स्वच्छ सांगितले. मैदानात जे मिळाले नाही ते समितीच्या खोलीत, कलमाचा अर्थ लावून मिळाले. मैदानातल्या आवाजाशिवाय समिती हलली नसती, हेही तितकेच खरे. दोन्ही लागतात. आपल्याकडे मैदानात उतरणारी माणसे भरपूर आहेत, खोलीत बसणारी बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

त्या खोलीत काय चालते याचा आणखी एक नमुना. स्वयंसेवी संघटनेला संयुक्त राष्ट्रसंघात बोलायचे असेल तर आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा लागतो. त्यासाठीचा अर्ज आधी एकोणीस देशांच्या एका समितीपुढे जातो. ‘इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क’ या संघटनेचा अर्ज २००८ पासून या समितीपुढे पडून होता. प्रत्येक बैठकीत भारताचा प्रतिनिधी नवा लेखी प्रश्न विचारी, उत्तर आले की पुढच्या बैठकीत आणखी एक प्रश्न. प्रश्नांची संख्या शंभराच्या घरात गेली. अर्ज फेटाळला कधीच गेला नाही, तो फक्त पुढे ढकलला गेला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मूळ परिषदेत मतदान होऊन दर्जा मिळाला. आपल्याकडच्या तहसील कचेरीत ‘त्रुटी पूर्ण करून आणा’ म्हणून जातीच्या दाखल्याचा अर्ज परत पाठवतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त कचेरी न्यूयॉर्कला. तहसीलच्या बाबूशी कसे लढायचे हे आपण शिकलो, कारण आपल्याला त्याचे नियम पाठ झाले. तसेच हेही नियम पाठ करावे लागतील.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र आणि कायदा यांत त्यांनी जगाची विद्या मिळवली, ती देशात परत आणून वापरली. १९४३ साली दामोदर नदीच्या महापुराने बंगालमध्ये हाहाकार उडवला, रेल्वे आणि रस्ते तुटले. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या प्राधिकरणाचा नमुना पुढे ठेवून पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांची एकत्र योजना आखण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९४८ चे दामोदर खोरे महामंडळ त्यातून उभे राहिले. ‘संकट व्यवस्थापन’ हा शब्द त्या वेळी रूढ नव्हता, पण काम तेच होते. १९४६ मध्ये अमेरिकेतील काळ्या जनतेचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे जात आहे हे कळताच त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. संयुक्त राष्ट्रसंघ तेव्हा जेमतेम वर्षाचा होता! आपण मात्र ऐंशी वर्षांनंतरही त्या इमारतीचा फोटो फक्त सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाहतो.

आता कोणी म्हणेल, जिनिव्हा-न्यूयॉर्क राहू द्या, आमच्या तालुक्यात याचा काय उपयोग? उपयोग सर्वात जास्त तालुक्यातच आहे. २००५ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण दिले आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सहअध्यक्ष. जिल्ह्याची आपत्ती योजना हे प्राधिकरण करते. आपल्या किती संघटनांनी ती योजना मागवून वाचली? दलित वस्ती, भटक्यांची पाले, ऊसतोड कामगारांची तळे त्या योजनेच्या नकाशावर आहेत काय, हे किती जणांनी तपासले?

कायदा जाणणारा माणूस असला की काय होते हे कोरोनात दिसले. याच कायद्याच्या कलम १२ मध्ये मदतीची किमान मानके आणि मृतांच्या वारसांसाठी सानुग्रह साहाय्य यांची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ च्या निकालात प्राधिकरणाला त्याप्रमाणे मार्गदर्शक सूचना काढायला लावल्या आणि कोरोनाने मेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये मिळाले. एका कलमाने लाखो घरांना आधार दिला. उलट बाजूही पाहा. याच कायद्याचे कलम १३ मोठ्या आपत्तीत आपद्ग्रस्तांच्या कर्जफेडीत सवलत देण्याची शिफारस करण्याचा अधिकार राष्ट्रीय प्राधिकरणाला देत होते. २०२५ च्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकले. ३० जुलै २०२४ च्या वायनाड दरड दुर्घटनेतील लोकांच्या कर्जाचा प्रश्न केरळ उच्च न्यायालयात चालू होता, तेथे केंद्राने हेच सांगितले की ते कलम आता अस्तित्वात नाही. गरिबाच्या हाताचे एक कलम गेले आणि त्यावर आपल्या एका तरी जाहीर सभेत ठराव झाला काय? कलम आहे हेच ज्याला ठाऊक नाही, ते गेल्याचे दुःख त्याला कोठून होणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते वाहून गेली. शेतकऱ्याला मदत मिळालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. परंतु शेतीच्या नुकसानीचा हिशेब हेक्टरी दराने होतो. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, पण त्याच शेतात काढणीच्या मजुरीवर ज्याचे वर्ष चालते, त्याच्या बुडालेल्या हंगामाचा हेक्टर कोणता? किल्लारीला बत्तीस वर्षे झाली, तरी पंचनाम्याचे माप बदललेले नाही.

हे शिक्षण घ्यावे म्हटले तर अडचणी आहेत, त्या झाकून चालणार नाही. पहिली पैशाची. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वर्षाला १२५ जणांसाठी आहे, त्यापैकी ११५ जागा अनुसूचित जातींच्या. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वेगळी आहे. पण केंद्राच्या योजनेत २०२२ साली अट घातली गेली की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. म्हणजे आमच्या पोराने परदेशात जाऊन कशाचाही अभ्यास करावा, फक्त स्वतःच्या समाजाचा करू नये! जुलै २०२५ मध्ये तर निवड झालेल्या १०६ जणांपैकी ४० जणांनाच सुरुवातीला पत्रे दिली गेली आणि बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास देऊ असे सांगितले गेले. परदेशातील प्रवेशाची मुदत दिल्लीतल्या निधीसाठी थांबत नसते. शिवाय विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असावे ही अट आहेच. एकाच विषयाला वाहिलेल्या नामांकित छोट्या संस्था अशा सर्वसाधारण क्रमवारीत बहुधा नसतातच.

दुसरी अडचण पदवीनंतरची. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सचिवालयातील प्रशिक्षणार्थीला मानधन मिळत नाही. जिनिव्हासारख्या महागड्या शहरात महिनोन्महिने बिनपगारी राहू शकणारा मुलगा कोणाच्या घरचा असतो, हे वेगळे सांगायला नको. जगाला समतेचे धडे देणाऱ्या संस्थेचा उंबरठा असा आहे.

तिसरी अडचण आजची. अमेरिकेने २०२५ मध्ये आपली परदेशी मदत संस्था बंद केली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मदत समन्वय कार्यालयाने त्याच वर्षी सुमारे वीस टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. तेव्हा ‘ही पदवी घेतली की डॉलरमध्ये नोकरी’ असे स्वप्न कोणी विकत असेल तर ते विकत घेऊ नका. पण मदतीचा पैसा आटतो तेव्हा निकष अधिक कडक होतात, आणि निकष कडक झाले की यादीतून पहिले नाव कोणाचे कापले जाते हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून नोकऱ्या कमी झाल्या तरी या विद्येची गरज वाढलीच आहे. जिल्हा व राज्य प्राधिकरणे आहेत, २०२५ च्या दुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी नागरी आपत्ती प्राधिकरणांची तरतूद झाली आहे, न्यायालये आहेत. तेथे हा जाणकार लागणारच आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग प्रत्येक जिल्ह्याने बाजूला काढून दरवर्षी एका तरी मुला-मुलीच्या इंग्रजी परीक्षेचा, प्रवेश अर्जांचा आणि व्हिसाचा खर्च उचलावा. शिष्यवृत्ती मिळेपर्यंत लागणारे हे पहिले लाखभर रुपये नसल्यामुळेच अनेक मुले दारातून परत फिरतात. दुसरे, कायदा, समाजकार्य, भूगोल, नर्सिंग, स्थापत्य शिकलेल्या आपल्या मुलांना हा विषय आहे हे विहारांतून आणि वसतिगृहांतून सांगावे. फक्त कलाशाखेचा हा विषय नव्हे. तिसरे, परदेशी जाण्याची वाट न पाहता आपल्या जिल्ह्याची आपत्ती योजना आजच माहितीच्या अधिकारात मागवावी आणि पुढच्या पुरात आपल्या वस्तीचा स्वतंत्र पंचनामा तारीख, वेळ, फोटो आणि सह्यांसह आपणच लिहून ठेवावा. कलम ६१ ला लागणारा पुरावा तोच असेल.

पावसाळा दरवर्षी येणार आहे. पुढच्या वेळी तलाठ्यासमोर, जिल्हाधिकाऱ्यासमोर आणि गरज पडली तर जिनिव्हाच्या समितीसमोर आपला कागद घेऊन उभे राहणारा माणूस आपल्यातला असावा, एवढ्यासाठी हे शिक्षण घ्यायचे आहे. ‘शिका’ या आदेशात हा विषयही येतो.

जय भीम!